बारा तुकड्यांचं पिवळं कार्ड

ऐक, आधी नुसतं ऐकून घे, मग हस. आपला टोकनमामा माहितीये ना, मोठ्या दवाखान्याच्या खिडकीवर नंबर वाटतो तो? त्याच्या ताईने एका दिवसासाठी सात वर्षांची चिमणी त्याच्यावर सोपवली. पार्कात न्यायचं, होडीत बसवायचं, परत आणायचं. आता चिमणीला रांगेत थांबणं जमत नाही. हट्ट नाही तो. किती वेळ ते कळलं नाही की ती कान दाबून जमिनीवर बसते, मग इकडचं जग तिकडे होवो.

ताईने तीन खेपा घालून पार्काकडून पिवळं कार्ड मिळवलं होतं. त्यावर चिमणीचा फोटो आणि पार्कवाल्यांची सही. ते दाखवलं की बाजूच्या दाराने सोडतात.

"जपून ठेव. आज नीट झालं तरच पुन्हा तुझ्याबरोबर पाठवेन," ताई म्हणाली.

"ताई, रोज तीनशे माणसं रांगेत उभी करतो मी."

"उभी करतोस. स्वतः कधी उभा राहिलायस?"

झोंबलं ना त्याला. कार्ड वापरायचंच नाही, पठ्ठ्याने ठरवून टाकलं.

होडीपाशी पुढे अकरा माणसं.

"किती वेळ?" चिमणी.

"झालंच."

"झालंच म्हणजे किती?"

खिडकीवर याचं उत्तर त्याने जन्मात कुणाला दिलेलं नाही. त्याला विद्या येते एकच. खिशात पेन होतं, आणि जाड कागद म्हणशील तर ते कार्डच. त्याने कार्डाचे बारा तुकडे केले, मागे नंबर टाकले आणि चिमणीला रांगेत वाटायला लावले. फोटो पलीकडच्या बाजूला होता, दिसलाच नाही, असं तो सांगतो. मी विश्वास ठेवला नाही, तूही ठेवू नकोस.

पण चाललं की रे. "एक ते चार, आत या," चिमणी मामाच्याच आवाजात, नसलेल्या चष्म्यावरून बघत म्हणाली. चौघं हसत होडीत बसले, होडी सुटली. मामाची छाती अशी फुगली, विचारू नकोस.

तेवढ्यात पाच नंबरच्या काकूंचं खटलं आलं. सात जण, हातात आइस्क्रीम.

"ह्यांना नंबर नाही," चिमणी म्हणाली.

"अगं, घरचेच आहेत," काकू म्हणाल्या.

खिडकीवर ओळखीच्यांना मागच्या दाराने घेताना मामाही हेच म्हणतो, शब्दाला शब्द. चिमणी खाली बसली. कान दाबले.

होडीवाली बाई धावत आली. "दादा, पिवळं कार्ड नाही का? असेल तर पुढच्याच होडीत सोडते."

मामाने हातातला बारा नंबर उलटा केला. त्यावर चिमणीचा कान.

"हे कार्ड होतं? कुणी फाडलं?"

"मी."

"का?"

मामाने बारा नंबर परत सुलटा केला.

"फोटो जुळवून दाखवा," बाई म्हणाली. "चिकटपट्टी मी देते."

मामाही फरशीवरच बसला. तुकडा चिमणीपुढे धरला. तिने कानावरचा एक हात काढला. "माझा कान. बाकीची मी कुठंय?"

मग दोघं निघाले गोळा करायला. मामा हात जोडून, "माफ करा, टोकन परत द्या." दवाखान्यात लोक त्याच्यापुढे असेच उभे राहतात. सहा नंबर एका बाळाने चघळून दिला. पण नाक, डोळे आणि सही गेली होती होडीतून फिरायला.

"किती वेळ?"

"होडी येईपर्यंत."

आणि ती थांबली. कठडा धरून, पाण्याकडे बघत, नऊ मिनिटं, हूं नाही की चूं नाही. मामाच तीनदा पुढे जाऊन डोकावून आला. "अजून कशी येत नाही?"

"मामा, बसा. नंबर आला की बोलावते," चिमणी म्हणाली.

तर फोटो जुळला, होडी झाली, चिमणी भिजून खूश. संध्याकाळी दारातच ताई उभी. चिमणी सरळ मोरीत पळाली.

"कार्ड चाललं ना? आण इकडे, पुढच्या महिन्यात परत लागेल."

ताईचा हात पुढे. मामाचा हात खिशात, चिकटपट्टी लावलेल्या कार्डावर. खरं सांग, तू असतास तर काय म्हणाला असतास?