मध्ये कुणी येऊ नये म्हणून

सोमवारपासून आमचं घर जुन्या प्रोसेसरवर चालतंय. लक्षात आलं ते जेवताना. डब्यात आठ पोळ्या होत्या. मी एक घेतली, तेवढ्यात हेमांगीनं एक घेतली, आणि डब्यात सात उरल्या.

"बरं झालं, एक वाचली," हेमांगी म्हणाली. हेमांगी माझी बायको. अठरा वर्षं माझ्याबरोबर काढल्यावर तिला कशाचं फारसं नवल वाटत नाही.

मला कारण लगेच कळलं, माझं पोटच त्यावर चालतं. नवे प्रोसेसर बघणं आणि बदलणं एका दमात उरकतात. जुने आधी बघतात, मग बदलतात, आणि मधल्या फटीत कुणीही घुसतं. आम्ही दोघांनी आठ पोळ्या बघितल्या, दोघांनी सात केल्या. कंपनीत असल्या म्हाताऱ्या प्रोसेसरांना सांभाळणारा मी एकटाच उरलोय. त्यांना जमत नाही ते मी सॉफ्टवेअरमधून करून देतो. सगळं थांबवायचं, आपलं काम उरकायचं, मग सगळं चालू करायचं.

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात मी म्हणालो, "थांब." पंखा थांबला. नळाचं पाणी हवेत उभं राहिलं. हेमांगी तोंड उघडून थांबली. मी निवांत चहा प्यालो. कप विसळायला पाणी मोडून घ्यावं लागलं. मग म्हणालो, "चालू."

"श्रीरंग, मी उद्यापासून—" हेमांगी म्हणाली.

गेले काही महिने आमचं बोलणं गॅस आणि दूधवाला यापलीकडे गेलं नव्हतं. ती जाणार, दुसरं काय असणार? मी म्हणालो, "थांब," आणि कपडे वाळत घातले. ते ओलेच राहिले.

जुन्या प्रोसेसरवर मध्येच तुटलेलं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्यामुळे "चालू" म्हटलं की ती म्हणायची, "श्रीरंग, मी उद्यापासून—" मी पुन्हा थांबवायचो. भांडी झाली, माळा आवरून झाला, पंख्याची पाती पुसून झाली. गुरुवारी हेमांगीचा मार्चमधला गुरुवार होता, थांबवलेला वेळ धरून माझा मे महिना संपत आला होता. दाढी निम्मी पिकली.

"मी हे कितव्यांदा सांगतेय रे?" तिनं एकदा विचारलं.

"पहिल्यांदाच," मी म्हणालो. मला माझी लाज वाटली.

त्याच दुपारी ऑफिसातून नाडगौडा सरांचा फोन आला. "जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढतोय. त्यांचं थांब-चालू उद्या बारा वाजता बंद."

"सर, अजून वापरात आहेत."

"कितीजण वापरतात?"

"दोघं."

"दोघांसाठी नाही हो ठेवता येत."

शुक्रवारी बाराला दोन मिनिटं कमी असताना हेमांगी म्हणाली, "श्रीरंग, मी उद्यापासून—" आणि मी म्हणालो, "थांब."

करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी तिच्यासमोर नुसता उभा राहिलो. इतके दिवस मी फक्त तिच्या ओठांवर नजर ठेवून होतो. आता दिसलं, की तिचा उजवा हात माझ्या बाहीकडे निघालाय. तो दर वेळी निघाला असणार, आणि दर वेळी मी त्याला पुन्हा पहिल्यापासून निघायला लावलं असणार. मला रडू आलं. ठरवलं, तिचा हात हातात घ्यायचा आणि मग सगळं चालू करायचं. जे सांगायचंय ते सांगू दे तिला.

मी हात पुढे केला. मध्ये कुणी येऊ नये म्हणून, सवयीनं, म्हणालो, "थांब."

थांबवलेलं असताना पुन्हा थांबवायचं नसतं. नव्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवतो. पहिलं "थांब" सुटेपर्यंत दुसरं अडून राहतं, आणि पहिलं सोडणारा माणूस दुसऱ्यात अडकलेला असतो.

तिच्या बोटांपासून माझी बोटं तांदळाच्या दाण्याएवढी लांब आहेत. बाराला दोन मिनिटं कमी आहेत. मी माझी वाट बघतोय.