सोफा कमिटीचा तपासणी अहवाल

लॉइड पेनहेलने आयुष्यात एकाही कागदावर न वाचता सही केली नव्हती, निदान त्याची तशी समजूत होती. बर्नी शहराच्या कौन्सिलात तो तेवीस वर्षं इमारत निरीक्षक होता. स्वतः माळ्यावर चढून तुळया ठोकून पाहिल्याशिवाय त्याने कुणाचं गॅरेजसुद्धा मंजूर केलं नव्हतं. कुणाकडे जेवायला गेला तरी घरची बाई आधी त्याची नजर कुठे खिळलीय ते पाही आणि मग काळजीने छताच्या त्या कोपऱ्याकडे पाही.

असा माणूस नाराज झाला की भांडत नाही, अहवाल लिहितो. शनिवारी सकाळी त्याने ‘सोफा कमिटी’च्या वर्गणीदारांच्या पानावर चौदा पानांचा अहवाल चढवला.

सोफा कमिटी म्हणजे लाँसेस्टन शहरातली तीन माणसं, किरिली, बोडी आणि सिओनी. एका फाटक्या सोफ्यावर बसून ती व्हिडिओ गेम खेळत, त्याचं चित्रण लोकांना दाखवत, आणि लोक दरमहा वर्गणी देत. सहा वर्षं त्यांनी एकच खेळ खेळला, बस चालवण्याचा. नकाशावर नसलेल्या कुठल्याशा देशात, खेड्यापाड्यांतून, वेळापत्रकाप्रमाणे. बोडी चालवायचा, किरिली त्याला वळणं सांगायची, आणि सिओनी आपल्या आत्यांच्या गोष्टी सांगायचा. त्याला टोंगात सात आणि ऑकलंडला चार आत्या होत्या, आणि सहा वर्षांत त्यांतली एकही पूर्ण सांगून झाली नव्हती. दीड तासाचा भाग. दीड तासात एखादी म्हातारी चढायची आणि तीन थांब्यांनंतर उतरायची. लॉइडच्या मते मनोरंजनाची याहून वरची पायरी नव्हती.

पण खरी गोष्ट निराळी होती. लॉइडची धाकटी बहीण जॅनेल दूर दुसऱ्या राज्यात, वायाल्याला राहायची. तिथे तिचं कुत्री भादरायचं दुकान होतं. भावाबहिणीचं वैर नव्हतं, बोलायला विषय नव्हते. फोन केला की हवा व्हायची, गुडघे व्हायचे, आणि मग दोघांनाही समोरच्या शांततेची धास्ती वाटायला लागायची. एका रविवारी दुपारी चार वाजता (जॅनेलकडे साडेतीन) दोघांनी एकाच क्षणी सोफा कमिटी सुरू केली, फोन टेबलावर ठेवले, आणि बस निघाली. मग ती दर रविवारी निघू लागली. एकमेकांशी बोलायचं म्हटलं की तोंड उघडत नसे, पण एकाच रस्त्याकडे पाहायचं म्हटल्यावर दोन थांब्यांच्या मध्ये आपोआप काहीबाही निघायचं. जॅनेलने नवऱ्याला घराबाहेर काढलं, ते लॉइडला असंच एका चढावर कळलं. लॉइडच्या पोटातली गाठ साधी निघाली, ते त्याने तिला डेपोत शिरताना सांगितलं.

गेल्या वर्षी बस बंद झाली आणि त्याच सोफ्यावर ‘काळोखाचा वारसा’ नावाचं भयनाट्य सुरू झालं. झगे, मेणबत्त्या, लिहिलेले संवाद, धडकी भरवणारं संगीत, आणि भाग फक्त बारा मिनिटांचा. तिसऱ्या भागात बोडी मेला आणि पाचव्यात दाढी लावून परत आला. मार्चमध्ये जॅनेल म्हणाली, “रविवारी जरा कामं असतात रे हल्ली.” तेव्हापासून फोन पुन्हा हवा आणि गुडघ्यांवर आला. बस परत आली तर जॅनेल परत येईल, असा लॉइडचा सरळ हिशेब होता. अहवाल त्यासाठीच होता. अहवालात अर्थातच त्याचा उल्लेख नव्हता.

अहवालात होतं ते असं:

“दोष क्र. ४. झगे. सिओनीच्या झग्याचा घेर दारापेक्षा मोठा असून तो पेटत्या मेणबत्तीपासून वीतभर अंतरावर आहे. तीव्रता: गंभीर. उपाय: झगा काढणे.

दोष क्र. ७. बोडीचा मृत्यू. कारण अस्पष्ट. पुनरागमनाचं कारणही अस्पष्ट. मूळ बांधकामात दाढीची तरतूद नव्हती.

दोष क्र. ९. लांबी. बारा मिनिटांत फोनवर काहीही बोलून होत नाही.”

शेवटचा शेरा होता: “सध्याच्या अवस्थेत ही वास्तू राहण्यास अयोग्य आहे.” खाली इतर वर्गणीदारांची मतं पडली. एकाने लिहिलं, “वाचलं नाही, पण सहमत.” दुसऱ्याने लॉइडला स्वतःच्या पडवीचा फोटो पाठवून विचारलं की ही भेग चिंताजनक आहे का. होती.

मंगळवारी दुपारी लॉइड आपल्या यूट गाडीत बसून शिंपल्यांची पाई खात असताना फोन वाजला.

“लॉइड? मी किरिली. सोफ्यावरची.”

सहा वर्षं ऐकलेला आवाज आपलं नाव घेतोय म्हटल्यावर लॉइडने घास गिळला, तो पूर्ण चावून झालेला नव्हता.

“अहवाल वाचला आम्ही,” किरिली म्हणाली. “सिओनीने दोनदा वाचला. मेणबत्ती हलवलीय. त्या बाबतीत बरोबर होतं तुझं.”

“आणि झगा?”

“झगा त्याच्या आत्याने शिवलाय. तू सांग तिला काढायला.”

“नको,” लॉइड म्हणाला. आत्यांबद्दल त्याने पुरेसं ऐकलं होतं.

“बरं, आता माझं ऐक. आम्ही दर तीन महिन्यांनी कौल घेतो, माहितीये ना? पुढे काय करावं ते वर्गणीदारांनी ठरवायचं.”

“माहितीये. मी प्रत्येक कौलात मत देतो. माझ्या नावापुढे आठ सोनेरी सोफे आहेत.” मत देणाऱ्याच्या नावापुढे एक छोटा सोफा उमटायचा. लॉइडला त्यांचा अभिमान होता.

“तेच सांगतेय. तुझी आठही मतं माझ्यापुढे आहेत. बस बंद करावी का? लॉइड पेनहेल, हो. झगे आणावेत का? हो. बोडीला मारावं का? हो. बोडीने परत यावं का? त्यालाही हो.”

लॉइडने पाई खाली ठेवली. “शक्य नाही.”

“तीनशे चाळीस वर्गणीदार, लॉइड, आणि मत देतात वीसएक. झगे एका मताने मंजूर झालेत.”

लॉइडला ते पान आठवलं. सगळ्या ‘हो’वर आधीच खूण केलेली असायची आणि खाली ‘पाठवा’ असायचं. पाठवलं की लगेच सोफा मिळायचा. वरचा मजकूर वाचल्याचं मात्र त्याला काही केल्या आठवेना.

“खूण आधीपासून करून ठेवणं हा आराखड्यातला दोष आहे,” तो शेवटी म्हणाला.

“आहेच. बोडीने बनवलंय ते पान. पण तुझ्यासारख्या माणसाने न वाचता सही करावी?”

खिडकीबाहेर एक समुद्रपक्षी पाईकडे टक लावून उभा होता. लॉइडने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“मग आता मत देतो,” तो म्हणाला. “बस परत आणा.”

किरिली म्हणाली, “बोडी आणि मी वेगळे झालो, लॉइड. दोन वर्षं होतील. सोफा तोच, बस तीच. दोन थांब्यांच्या मध्ये बोलायचं काय? सिओनी बिचारा आत्यांवर आत्या ओतत होता. शेवटी त्यानेच संवाद लिहून आणले, हे तू म्हण, हे तू म्हण. लिहून दिलेलं असलं की भांडणसुद्धा बरं जातं. हल्ली चित्रण संपलं की तिघं एकत्र जेवतो आम्ही.”

माणसांना बोलायला मधे काहीतरी लागतं, हे लॉइडला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“आता मला एक सांग,” किरिली म्हणाली. “दोष नऊ. बारा मिनिटांत फोनवर बोलून होत नाही. फोनवर कोण बोलतंय?”

“बहीण.” आणि मग त्याने सगळं सांगितलं. रविवार, चार वाजता, चढ, डेपो. सांगायला जेमतेम तीन मिनिटं लागली. चौदा पानं लागली नसती.

“तुझा अहवाल चुकीच्या पत्त्यावर आलाय, लेका,” किरिली म्हणाली. “तिला फोन कर.”

तिने ठेवला. लॉइडने लगेच वायाल्याला लावला, कारण थोडा वेळ गेला असता तर त्याने आधी मुद्दे लिहून काढले असते.

“कोण गेलं?” जॅनेलने उचलल्या उचलल्या विचारलं. मागे एक कुत्रं केकाटत होतं.

“कुणी नाही गेलं.”

“मंगळवारी फोन केलास. नक्की?”

“मीच बस बंद केली, जॅनेल. मत दिलं मी. न वाचता.”

“न वाचता? तू?” पलीकडे कात्री थांबली. मग जॅनेल हसायला लागली, आणि तिचं हसणं इतकं लांबलं की कुत्रंही गप्प झालं. “अरे, माझ्या पडवीच्या परवानगीला तू चार महिने लावलेस. ती तर तुझ्या हद्दीतही नव्हती.”

“तू बघणं सोडलंस म्हणून तो अहवाल लिहिला मी.”

“मी कुठे सोडलं? सगळे भाग बघितलेत. दोनदोनदा.”

“मग रविवारची कामं?” लॉइडने विचारलं.

“मी तुझ्याबरोबर बघणं सोडलं,” जॅनेल म्हणाली. “बोडी मरत होता, मी रडत होते, आणि तू फोनवर सांगत होतास की त्या दाराची बिजागरी उलटी बसवलीय.”

“उलटीच होती.”

“लॉइड.”

“बरं.”

“आणि अहवाल वाचलाय मी. झगा सुंदर आहे. दोष चार साफ चुकीचा आहे तुझा. बोडी का मेला तेही अस्पष्ट नाहीये, तू लक्ष दिलं नाहीस.”

“मग का मेला?”

“टॉफी, हल नको.” हे कुत्र्याला. मग दार लावल्याचा आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “पहिल्या भागापासून सांगते. मधे एक शब्द बोलायचा नाही.”

लॉइड दुसऱ्याच वाक्याला मधे बोलला. जॅनेलने पुन्हा पहिल्या भागापासून सुरुवात केली.