दोन किल्ल्यांचे कपाट

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कपाट आहे, आणि हे सांगताना माझी मान खाली जाते. कपाटाला मान नसते, हे मला ठाऊक आहे. पण काहीतरी खाली घातल्याशिवाय पुढचे सांगवत नाही.

तुमच्या घरच्या कपाटासारखे मी नाही. उंचीने तुमच्या कमरेइतके, रुंदीने दोन उशांएवढे. भिंतीला चार स्क्रूंनी आवळलेले. दाराला दोन कुलपे, आणि एकाची किल्ली दुसऱ्याला चालत नाही. रुग्णालयातली वेदना मारणारी सगळ्यांत कडक औषधे, अफूच्या जातीची, माझ्यासारख्या कपाटात ठेवतात. ती नेमकी दिली तर माणूस वेदनेतून सुटतो. नको तशी घेतली तर माणूस त्यांच्यातून सुटत नाही.

माझ्या पोटात कप्पे आहेत. एकेक उघडून दाखवते. एक मात्र उघडणार नाही.

वरचा कप्पा

मी जन्मले एका शेडमध्ये. पत्रा कापला, वाकवला, जोडांना डाग दिले, करडा रंग मारला. कुलपे बसवणाऱ्या मिस्त्रीने दोन्ही किल्ल्या फिरवून पाहिल्या आणि शेजारच्याला म्हणाला, “हे बघ, नवरा-बायकोसारखं आहे. एकट्याचं काही चालायचं नाही.” दोघे हसले. मला तो माझा सन्मान वाटला.

मग मी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात आले. माझ्या दारावर कागद चिकटवला गेला:

*हे कपाट दोघांनी मिळूनच उघडावे.*
*एक किल्ली मुख्य सिस्टरांकडे, एक पाळीवरच्या परिचारकाकडे.*
*उरलेले औषध दोघांच्या डोळ्यांदेखत ओतून टाकावे.*

नव्या मुली कामाला लागल्या की त्यांना आधी माझ्यासमोर उभे करत. “हे देवघर समजा,” असे थोरल्या सिस्टर म्हणत. वॉर्डाच्या मुख्य त्याच. त्यांची किल्ली कमरेला पिनेने लावलेली असे. अनेक वर्षे माझे दार एकट्या माणसाला उघडले नाही. तपासणीला येणारे साहेब माझ्या पाठीवर थाप मारत. मी फुगत असे. लोखंड फुगते ते उन्हाने, असे म्हणतात. स्तुतीनेही फुगते.

मधला कप्पा

इथून पुढे माझा आवाज बारीक होईल. कान द्या.

वॉर्डात एक परिचारक होता. सगळे त्याला ब्रदर म्हणत. आडदांड, हसरा. हलत नसलेल्या माणसाला तो एकटा उचलून कुशीवर वळवायचा आणि वर विचारायचा, “काका, विमान नीट उतरलं ना?” माणसे टाके दुखेपर्यंत हसत. अशी माणसे उचलता उचलता एक दिवस त्याचीच कंबर धरली. रजा मिळाली नाही. कुणा रुग्णाला अर्धी कुपी दिली, आणि उरलेली अर्धी ओतायच्या वेळी सिस्टरांची पाठ वळली होती, तेव्हा त्याने ती ओतली नाही. स्वतःला टोचली. एकदाच, असे म्हणाला असेल मनात. तसे सगळेच म्हणतात.

माझ्या बिजागऱ्या करकरत. इतकी वर्षे कुणी ते मनावर घेतले नव्हते. ब्रदरने एका दुपारी तेलाची बाटली आणली आणि दोन्ही बिजागऱ्यांत थेंब सोडले. फडक्याने पुसले. मला वाटले, माझी काळजी करणारे कुणीतरी भेटले. मित्रांनो, मला गप्प करायला ते तेल होते. आणि मी खूश झाले होते.

पण तेवढ्याने दार उघडत नाही. दुसरी किल्ली हवी.

वॉर्ड लांबच लांब. दर वेळी हाक आली की थोरल्या सिस्टर टेबलापासून माझ्यापर्यंत गुडघे धरत यायच्या.

“सिस्टर, तुम्ही बसा हो,” ब्रदर म्हणाला. “एवढ्या-तेवढ्याला कशाला उठता? किल्ली द्या, लगेच आणून देतो.”

“घे बाबा. तू आहेस म्हणून माझे गुडघे आहेत.”

त्यांनी पिन काढली. त्या दिवसापासून दोन्ही किल्ल्या एका कडीत आणि ती कडी एका खिशात. कागद दारावर तसाच होता. कुलपे दोनच होती. माणूस मात्र एक.

मी उघडत राहिले. आवाज न करता.

खुब्याचे हाड जोडलेले एक शिंपीकाका होते. ब्रदर माझ्यातून औषध घ्यायचा आणि काकांना नुसते सलाईनचे पाणी टोचायचा. काका उशीचे टोक दातांत धरायचे. एकदा म्हणाले, “ब्रदर, आज सुईत दोरा ओवायला विसरलात वाटतं. नुसतंच टोचलं.” शेजारच्या खाटा हसल्या. काकाही हसले. मग भिंतीकडे तोंड करून रडले. त्यांच्या वाटणीचे औषध कुठे गेले, हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होते. एक ब्रदर. दुसरे मी.

पुढे एका सकाळी चादरींच्या खोलीत ब्रदर निळा पडलेला सापडला. सुई हातातच. श्वास मोजून घ्यावा इतका सावकाश. थोरल्या सिस्टरांनीच उताऱ्याचे औषध देऊन त्याला परत आणले. चौकशी झाली. ब्रदर घरी बसला. त्या वॉर्डात आकडे दाबून उघडणारे नवे कपाट आले आणि माझे चार स्क्रू काढले गेले. भिंतीवर माझ्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला. माझ्याविषयी तिथे एवढेच स्वच्छ होते.

खालचा कप्पा

मला खालच्या मजल्यावर, व्यसन सोडवण्याच्या वॉर्डात बसवले. लहान वॉर्ड. चार खाटा, एक खिडकी, एक स्टूल. थोरल्या सिस्टरांनी आपणहून तिथे बदली मागून घेतली. आता एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी तिथल्या डॉक्टरबाईंकडे. आम्ही रोज समोरासमोर असायचो, पण त्यांनी माझ्या दाराकडे कधी नीट पाहिले नाही. मीही त्यांच्याकडे पाहिले नाही.

आणि एका दुपारी ब्रदर आत आला. सोबत त्याची थोरली बहीण, ताई, हातात कपड्यांची पिशवी. तो निम्मा झाला होता. विमान उतरवणारे हात काठीसारखे.

इथली रीत मी तुम्हांला सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर अडले आहे. व्यसन सोडवायची गोळीही अफूच्याच जातीची, म्हणून ती माझ्यात असते; पण या वॉर्डात पहिली गोळी लगेच देत नाहीत. ती जिभेखाली ठेवायची असते. आधीचे औषध अंगातून उतरू लागले, जांभया आल्या, नाक वाहू लागले, अंगावर काटा आला, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, की मगच द्यायची. म्हणून शेवटची सुई कधी घेतली, हे खरे सांगावे लागते.

“काल सकाळी,” ब्रदर म्हणाला. डॉक्टरबाईंनी लिहून घेतले.

त्याने जांभया दिल्या. नाक ओढले. हात थरथरवले. परिचारकच तो, लक्षणे पाठ होती. आणि स्टूल त्याने स्वतःच सरकवले होते, खिडकीच्या अगदी समोर. औषध अंगात असले की बाहुल्या बारीक असतात; पण उजेडात तर कुणाच्याही बारीक दिसतात.

डॉक्टरबाईंनी आपली किल्ली माझ्यात फिरवली. थोरल्या सिस्टरांनी आपली घातली. पण फिरवली नाही.

“बाई, एक मिनिट.”

त्यांनी जाऊन पडदा ओढला. ब्रदरचे स्टूल भिंतीकडे वळवले.

“माझ्याकडे बघ.”

“काय सिस्टर, फोटो काढताय का?”

“उजेड गेला की बाहुली मोठी होते. एक मिनिट झालं. तुझी अजून टाचणीच्या डोक्याएवढीच आहे.”

“तुम्हांला दिसत नसेल. वय झालं तुमचं.”

“चष्मा बदललाय मी. तुझ्यामुळेच बदलला.”

ताई उसळली. “अहो, किती दिवस चोर म्हणणार त्याला? स्वतःच्या पायांनी आलाय तो! मी आणलाय!”

सिस्टर माझ्यापाशी परत आल्या आणि त्यांनी किल्लीवर हात ठेवला.

“मागच्या वेळी मी विचारलं नव्हतं, ताई. म्हणून आज विचारते. शेवटची सुई कधी?”

“लिहिलंय ना तिथे.”

“कागदाला नाही विचारलं.”

मग ब्रदर फरशीकडे बघत म्हणाला, “आत्ता. अकराला. खाली जिन्याजवळच्या संडासात.”

ताईच्या हातातली पिशवी खाली गेली. “तू तोंड धुवायला गेला होतास. मी पिशवी धरून बाहेर उभी होते रे.”

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतःची किल्ली काढली. “ब्रदर, तुम्हांला काय वाटलं, ही साधी वेदनेची गोळी आहे?”

“लवकर मिळाली तर लवकर बरं वाटेल... मला पुढचं सोसणार नाही, बाई. मी पाहिलंय लोकांना.”

“ही गोळी म्हणजे अंगातल्या खुर्चीवर बसायला आलेला दांडगा पाहुणा. खुर्ची रिकामी असेल तर गुपचूप बसतो. आधीचं औषध बसलेलं असेल तर त्याला ढकलून देतो. आत्ता दिली असती, तर औषध उतरण्याचे जे हाल उद्यापर्यंत हळूहळू यायचे, ते अर्ध्या तासात एकदम तुमच्यावर कोसळले असते. आणि मग तुम्ही इथून पळाला असता. परत आला नसता.”

मित्रांनो, सिस्टरांनी ती किल्ली फिरवली असती, तर मी उघडले असते. पुन्हा. आवाज न करता.

बंद कप्पा

संध्याकाळी खरे सुरू झाले. पोटऱ्यांत गोळे, उलट्या, पाय आपोआप झाडले जाणे. दर तासाला नाडी आणि रक्तदाब, मळमळीचे औषध, घोट घोट पाणी; पण सकाळची सुई पुरती उतरेपर्यंत गोळी नाही. तो थोरल्या सिस्टरांना वाटेल ते बोलला. “तुमच्यामुळे झालं हे! तुमच्या गुडघ्यांमुळे!”

“शिव्या दे,” सिस्टर म्हणाल्या, “पण आधी पाणी पी. कोरड्या घशाने शिवीसुद्धा धड येत नाही.”

त्यापुढची रात्र हा माझा कप्पा. तो मी उघडणार नाही. तिथे एक मोठा माणूस आईला हाका मारत होता. ते त्याचे आहे.

दाराची आतली बाजू

सकाळी त्याच्या बाहुल्या सदऱ्याच्या बटणांएवढ्या होत्या. नाक वाहत होते, दंडावर काटा होता, आणि यातले काहीही तो मुद्दाम करत नव्हता. डॉक्टरबाईंची किल्ली फिरली. सिस्टरांची फिरली. दोन माणसे, दोन हात. मी उघडले.

गोळी जिभेखाली गेली. “विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि घड्याळ पाहत पलीकडच्या खाटेकडे वळल्या. ताई भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली होती.

ब्रदरला तोंड उघडता येत नव्हते. थोरल्या सिस्टरांनी तेवढीच संधी साधली.

“किल्ली तू मागितलीस, असं मी चौकशीत सांगितलं,” त्या हळू म्हणाल्या. “मी ती आनंदाने दिली, हे नाही सांगितलं. आणि आणखी एक. शिंपीकाका रडत होते ना, तेव्हा मी तुझे डोळे पाहिले होते. बाहुल्या बारीक होत्या. मी मनाशी म्हटलं, उजेड असेल. त्यानंतर दोन महिने मी तुझ्या डोळ्यांकडे बघितलंच नाही. तू चांगला होतास ना. विचारायची लाज वाटली.”

ब्रदरच्या डोळ्यांतून पाणी येत होते. ते अंगातून औषध उतरल्याचे होते की दुसरे, हे मी कोण सांगणार?

डॉक्टरबाई आल्या. “तोंड उघडा. जीभ वर.” त्याने लहान मुलासारखा आ केला. गोळी संपली होती.

त्याचे पहिले वाक्य सिस्टरांना होते. “विचारलं असतंत, तरी मी खोटंच बोललो असतो.”

“बोलला असतास,” सिस्टर म्हणाल्या. “मी पुन्हा विचारलं असतं.”

तो अजून इथेच आहे. घरी गेल्यावरही त्याला ही गोळी कितीतरी महिने घ्यावी लागेल. डॉक्टरबाईंनी ताईला बजावले आहे की आता याचे अंग जुनी मात्रा विसरले आहे, गोळी सोडून तीच सुई पुन्हा घेतली तर जीव जाईल. म्हणून त्याला एकटे सोडू नका, आणि घसरला तर लपवू नका, घेऊन या. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. शिंपीकाकांची माफी अजून कुणी मागितलेली नाही, तेही खरे आहे.

मित्रांनो, मी किल्लीला ओळखते, माणसाला नाही. म्हणून माझ्यासारख्यांवर सगळे सोपवून निर्धास्त होऊ नका. तुमच्या जवळचे कुणी बदललेले दिसले, तर त्याच्या डोळ्यांत बघून विचारा. तो हसण्यावारी नेईल, चिडेल, तुमच्या चष्म्यावर जाईल. तरी पुन्हा विचारा. आणि तुम्हांला कुणी विचारले, तर त्याला वैरी समजू नका.

मला कुणाला काही विचारता येत नाही. तुम्हांला येते.