अक्काचा डबा

धारच्या नर्मदाबाईंचा पाठचा भाऊ दत्ताजी म्हणजे पहिल्यापासून हट्टी. देवासच्या कारखान्यातून निवृत्त झाला, चैत्रात बायको गेली, आणि पठ्ठ्याने हृदयाच्या गोळ्याच बंद केल्या. डॉक्टर रागावले, मुलाने हात टेकले. नर्मदाबाईंनी फोन केला, तर म्हणाला, "अक्का, अब किसके लिए खाऊ? राहू दे." नर्मदाबाईंचा जीव टांगणीला लागला. पाठचा भाऊ आपल्याआधी जाणार, हे त्यांना सोसवत नव्हतं.

रविवारी नात श्रिया इंदूरहून आली. ती प्रयोगशाळेत नक्की काय करते, हे घरात कुणाला धड ठाऊक नव्हतं. मटार सोलता सोलता नर्मदाबाईंनी विचारलंच.

"आजी, आपली पेशी ना, स्वतःच्याच पडद्याच्या बारीक डिब्ब्या बाहेर सोडते. दुसरी पेशी त्यांना घरचं समजून आत घेते. बाहेरून आलेली दवाई शरीर पुष्कळदा भगवून देतं, म्हणून आम्ही ती या डिब्ब्यांत भरून बघतोय. अभी तो उंदरांवरच चाललंय."

"एवढं शिकून हेच?" नर्मदाबाई हसल्या आणि मटार तसेच टाकून उठल्या.

त्यांच्या आईचा दंडक होता: भावाबहिणीकडून आलेला डबा नाकारायचा नाही आणि रिकामा परत धाडायचा नाही. दत्ताजी देवाचा शब्द एकवेळ मोडेल, आईचा नाही. श्रियाने डॉक्टरांना विचारून गोळ्या आणल्या. नर्मदाबाईंनी मेथीचे सात लाडू वळले, प्रत्येक लाडवाबरोबर कापलेल्या चंदेरी पन्नीतली एकेक गोळी ठेवून सात पुड्या बांधल्या आणि वर वार लिहिले. लपवाछपवी त्यांना जमायची नाही. पितळी डबा त्याच संध्याकाळी श्रियाबरोबर देवासला गेला.

पुढचा आठवडा त्यांना घास गोड लागला नाही. फोन करायला हात जायचा, पण त्यांनी केला नाही.

रविवारी श्रिया डबा घेऊन आली. डबा फार हलका लागला. आईचा दंडकही मोडून रिकामाच धाडला की काय, असं नर्मदाबाईंना वाटलं. झाकण उघडलं. आत चिमूटभर साखर आणि सात रिकाम्या पन्न्या.

"दत्ताआजोबा म्हणाले, अक्काला सांग, गूळ कम पडला. पुढच्या डब्यात जास्त घाल."

"मेल्याला कधी गोड पुरलंय!" म्हणता म्हणता नर्मदाबाईंनी जीभ चावली, डोळ्यांना पदर लावला आणि देवघराकडे बघून पुटपुटल्या, "शंभर वर्षं जगू दे रे त्याला." मग त्या गूळ किसायला बसल्या.