निघायचं की थांबायचं

बुधवारी संध्याकाळी लतिकाचा ह्यूस्टनहून फोन आला तेव्हा सुलभाचे हात कणकेने भरलेले होते, म्हणून फोन गुरुदत्तने घेतला. एरवी ह्यूस्टनचा नंबर दिसल्यावर त्याने तो नुसता वाजू दिला असता. लतिका सुलभाची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याचं, राजारामचं, आणि गुरुदत्तचं दीड आठवड्यापूर्वी असं भांडण झालं होतं की दोघे साडू एकमेकांचं नावही घेत नव्हते.

भांडण झालं प्रेसिडेंटवरून. गणपतीला लतिका आणि राजाराम डॅलसजवळच्या अर्विंगला, सुलभाच्या घरी, आले होते. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली दोघी बहिणींची आई यंदा लतिकाकडे राहत होती, तीही सोबत होती. जेवणं झाल्यावर कुणीतरी टीव्ही लावला. कॅटरिना वादळ येऊन गेल्याला दोन आठवडे होत आले होते, तरी न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांत पाणी होतं.

"शहर रिकामं करा म्हणून आधी सांगितलं होतं ना?" गुरुदत्त म्हणाला. "मग निघाले का नाहीत हे लोक?"

राजाराम ह्यूस्टनच्या एका सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर होता. न्यू ऑर्लिन्सहून बसने आणलेल्या माणसांना तपासण्यात त्याचा सगळा आठवडा गेला होता आणि डोळे तारवटलेले होते. "कशाने निघणार? गाड्या नाहीत त्यांच्याकडे. काल एक बाई आली, दोन दिवस छपरावर बसून होती नवऱ्याच्या प्रेताशेजारी."

"वाईट आहे. पण गव्हर्नमेंट येईल म्हणून वाट बघत बसलं की असंच होणार. मी ह्या देशात आलो तेव्हा मला कुणी बस पाठवली नव्हती."

"मग गव्हर्नमेंट असतं कशाला? तुमच्या बुशसाहेबांचं सैन्य बगदादला पोचतं आणि न्यू ऑर्लिन्सला पोचत नाही?"

"तुम्ही असंच बोलणार. पगार सरकारी ना तुमचा!"

राजाराम उठला. मुक्काम दोन दिवसांचा ठरला होता, पण तासाभरात त्याने गाडी काढली. जाताना आई मागच्या सीटवरून सुलभाकडे बघत राहिली. काय झालं ते तिला नीटसं कळलंही नव्हतं.

आणि आता रिटा नावाचं दुसरं वादळ मेक्सिकोच्या आखातात उठलं होतं. ते सरळ ह्यूस्टनकडे येत होतं आणि कॅटरिनापेक्षा मोठं असल्याचं टीव्हीवर सांगत होते.

"भावोजी, काय करू मी?" लतिकाचा आवाज सुलभालाही ऐकू येत होता. "ह्यांना उद्यापासून वादळ जाईपर्यंत हॉस्पिटलमध्येच राहायचंय. हे म्हणतात, आपल्या भागाला निघायची ऑर्डर नाही, घर उंचावर आहे, घरातच थांब. पण शेजारचे जवळजवळ सगळे निघालेत. घरात मी आणि आई दोघीच."

"ऑर्डरची कसली वाट बघतेस? न्यू ऑर्लिन्सवाल्यांनी तेच केलं. पहाटे आईंना गाडीत घाल आणि सरळ इकडे ये. चार तासांचा तर ड्राइव्ह आहे."

"अहो, राजारामना विचारून मग..." सुलभा म्हणेपर्यंत त्याने फोन ठेवला होता.

"तो नाहीच म्हणणार," गुरुदत्त म्हणाला. "त्याला वरून कुणीतरी सांगावं लागतं."

गुरुवारी पहाटे लतिका निघाली. पुढे दिवसभर तिचे फोन येत राहिले. पहिल्या फोनला ती गावाबाहेरही पडली नव्हती. मग हायवेला लागली. मग हायवेवर गाड्या नुसत्या उभ्या होत्या. सगळं ह्यूस्टन एकाच वेळी निघालं होतं, ज्यांना निघायला सांगितलं होतं ते आणि ज्यांना नव्हतं तेही. पेट्रोलपंप कोरडे पडले होते. पेट्रोल पुरावं म्हणून लतिकाने एसी बंद ठेवला होता, आणि बाहेर सप्टेंबर असून मे महिन्यातल्या नागपूरसारखं ऊन होतं.

"ताई, आईला सकाळी इन्शुलिन दिलं मी. पण तिने खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. आता काहीच घेत नाहीये."

"साखरपाणी दे. घोट घोट दे. आईला फोन दे जरा."

"ती झोपलीय. म्हणजे... झोपल्यासारखी आहे."

मग मध्येच आवाज तुटला. सुलभाने पुन्हा पुन्हा नंबर फिरवला. लाइनी बिझी असल्याचं एक बाई शांत आवाजात सांगत राहिली.

संध्याकाळी राजारामने हॉस्पिटलमधून फोन केला. "सुलभाताई, घरी कुणी फोन उचलत नाहीये. लतिका तुमच्याकडे पोचलीय का?"

"नाही अजून. रस्त्यात आहेत."

"मी थांब म्हणालो होतो तिला. का निघाली?"

सुलभाने नवऱ्याकडे पाहिलं. गुरुदत्त दोन हातांच्या अंतरावर उभा होता, पण त्याने फोनसाठी हात पुढे केला नाही. "घाबरली असेल," सुलभा म्हणाली, आणि नवऱ्यासाठी आपण आत्ता खोटं बोललो ह्याची तिला लाज वाटली.

शुक्रवारी उजाडताच गुरुदत्तने गॅरेजमधले पेट्रोलचे डबे काढले. कोपऱ्यावरच्या पंपावर रांग लावून भरून आणले. पाणी, बर्फ, ग्लुकोजची पावडर, ज्यूसचे डबे गाडीत टाकले.

"तू थांब घरी," तो म्हणाला.

"मी येतेय. माझी आई आहे ती."

सोळा वर्षांच्या मुलीला, आश्लेषाला, त्यांनी घरच्या फोनजवळ बसवलं. "आय वोन्ट मूव्ह, आई. प्रॉमिस," ती म्हणाली. रोज टेलिफोनवरून ओरडा खाणारी ती पोर रिसीव्हरशेजारी हात ठेवून बसली.

डॅलस ओलांडायच्या आतच रेडिओवर बातमी आली. ह्यूस्टनकडून नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणाऱ्या एका बसने डॅलसच्या दक्षिणेला पेट घेतला होता. आतल्या बऱ्याच जणांना बाहेर काढता आलं नव्हतं. हायवे बंद होता. सुलभाने रेडिओ बंद केला. गुरुदत्तने आडवं वळण घेतलं आणि गाडी गावागावांतून जाणाऱ्या लहान रस्त्याला लावली. दोन्ही बाजूंना कुरणं, त्यात काळ्या गाई. इकडे जणू काही घडलंच नव्हतं. डब्यांतल्या पेट्रोलचा वास गाडीभर झाला होता, म्हणून खिडक्या उघड्या होत्या.

"काय अरेंजमेंट आहे ही!" बऱ्याच वेळाने गुरुदत्त म्हणाला. "इतकी माणसं रस्त्यावर आणतात आणि पेट्रोलची सोय नाही? आधीच दोन्ही बाजूंच्या लेन एकाच दिशेने सोडायला काय झालं होतं?"

"कुणी सोडायला हव्या होत्या?" सुलभाने विचारलं.

त्याने पुढची गाडी ओलांडली.

"सांगा ना, कुणी? तुम्हीच म्हणता ना, सरकारने मध्ये पडू नये म्हणून?"

"सुलभा, ही वेळ आहे का?"

"गेल्या वर्षी मी तुमच्या बुशला मत दिलं नव्हतं. त्याच्या विरुद्धच्या केरीला दिलं होतं."

त्याने रस्त्यावरची नजर क्षणभर तिच्याकडे वळवली. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर निवडणूक होईपर्यंत रोज जेवताना मला पटवत बसला असतात. घरात दोन मोठी माणसं, त्यातलं एकच बोलतं. लतिकाला परवा तुम्ही कसं सांगितलंत? तिच्या नवऱ्याने थांब म्हटलं होतं, म्हणून तुम्ही नीघ म्हणालात. वादळ कुठे होतं त्यात?"

ती इतकं कधी बोलली नव्हती. गुरुदत्तने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं.

"आईंना काही झालं तर..." तो म्हणाला आणि वाक्य तसंच राहिलं.

हायवे जिथून दिसायला लागला तिथे त्याने गाडी कडेला घेतली. गाड्यांची ओळ क्षितिजापर्यंत गेली होती. दारं उघडी टाकून माणसं सावलीला, ट्रकच्या चाकांशी बसली होती. एक माणूस कुत्र्याच्या अंगावर बाटलीतलं शेवटचं पाणी ओतत होता. लतिकाची गाडी करड्या रंगाची टोयोटा. सुलभाला त्या ओळीत जिकडेतिकडे करड्या टोयोटाच दिसायला लागल्या. ती उतरून उन्हात चालायला लागली, प्रत्येक खिडकीत वाकून बघत. एका गाडीत पांढऱ्या केसांची बाई मान टाकून झोपलेली दिसली आणि सुलभाच्या तोंडून "आई" निघून गेलं. बाईने डोळे उघडले. निळे डोळे.

गुरुदत्तने तोवर एका बाईच्या गाडीत अर्धा डबा पेट्रोल ओतलं होतं, कारण मागच्या सीटवर तान्हं मूल होतं. ते बघून आणखी चौघे जण आले. त्यांना तो काय सांगणार होता? "माझी फॅमिली पुढे आहे," असं म्हणत तो हात जोडत होता. टेक्सासच्या माणसांना त्या जोडलेल्या हातांचा अर्थ कळत होता की नाही कोण जाणे, पण ते बाजूला झाले.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. आश्लेषा होती. ती रडत होती, त्यामुळे आधी काही कळेना.

"बाबा, दे आर ओके! आजी इज ओके! मावशीने एका स्कूलमधून फोन केला."

शाळा तिथून पंधरा-वीस मैलांवर, एका लहानशा गावात होती. तिच्या जिममध्ये चटया अंथरल्या होत्या आणि बास्केटबॉलच्या रिंगखाली आई आडवी झाली होती, हाताला सलाइन लावलेलं. लतिका शेजारी भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ फुटले होते. सुलभाने तिला जवळ घेतलं तेव्हा तिच्या अंगाला घामाचा आणि ओकारीचा वास येत होता.

लतिकाने तुकड्या तुकड्यांत सांगितलं. संध्याकाळी आई हाका मारूनही डोळे उघडेना, तेव्हा ती गाडी सोडून रस्त्यावर मदतीला ओरडत सुटली. पिकअपमधल्या एका म्हाताऱ्याने आईच्या हिरडीला मध चोळला. त्याने मोटारसायकलवरच्या पोलिसाला, डेप्युटी शेरीफला, थांबवलं, शेरीफने वायरलेसवरून ॲम्ब्युलन्स मागवली, ती हायवेच्या कडेच्या मातीतून आली. शाळा सरकारी होती. नर्स काउंटीची, जिल्हा सरकारची, होती. मध म्हाताऱ्याचा होता, आणि जिममध्ये सँडविच वाटणाऱ्या बायका चर्चच्या होत्या. शाळेच्या फोनसाठी सकाळपासून रांग होती, लतिकाचा नंबर आत्ता लागला होता.

आईने डोळे उघडले. "सुलू, आलीस? जावईबापू पण आले?" तिने डोक्यावरून पदर घ्यायचा प्रयत्न केला. ती चर्चच्या बायकांनी दिलेल्या कुणाच्या तरी टी-शर्टमध्ये होती, पदर हाताला लागला नाही. गुरुदत्त तिच्या पायाशी खाली बसला आणि त्याने तिच्या पावलावर हात ठेवला.

मग तो उठून फोनच्या रांगेत उभा राहिला. सुलभा त्याच्यामागे गेली. राजारामला फोनवर बोलावून आणायला हॉस्पिटलमध्ये थोडा वेळ लागला.

"राजाराम, गुरुदत्त बोलतोय. दोघी ठीक आहेत. आईंची शुगर खाली गेली होती, आता बरी आहे. मी इथेच आहे." त्याने श्वास घेतला. "लतिकाला नीघ म्हणून मी सांगितलं होतं. तुम्ही थांब म्हणालात, तरी."

पलीकडचं सुलभाला ऐकू येत नव्हतं. गुरुदत्त नुसता "हो" म्हणत होता. मागच्या लोकांनी खुणा केल्यावर त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, वादळ अजून आलेलं नाही. इथे काय होणार ते माहीत नाही. त्या दोघी घरात नाहीत हे कदाचित बरंच." गुरुदत्तने तोंडावरून हात फिरवला. "रडत होता तो."

रिटा शेवटच्या घटकेला पूर्वेला वळलं. लतिकाच्या घराचं एक कौलसुद्धा हललं नाही. शेजारच्या घरात राहिलेला एकटा म्हातारा दोन दिवस पत्ते खेळत बसला होता.

सोमवारी राजाराम त्यांना न्यायला अर्विंगला आला. जेवायला सगळे एकत्र बसले. सुरुवातीला दोघे साडू एकमेकांना पोळी, भाजी वाढत राहिले. मग राजाराम म्हणाला, त्या डेप्युटी शेरीफचं नाव शोधून काढायला हवं, सरकारी माणूस होता म्हणून बरं. गुरुदत्त म्हणाला, शेरीफ नंतर आला, आधी तो मधवाला म्हातारा आला. राजाराम म्हणाला, ॲम्ब्युलन्स काय म्हाताऱ्याच्या खिशात होती? आवाज चढले नव्हते. दोघेही जपून बोलत होते.

"तुम्ही दोघांनी मला सांगितलं," लतिका म्हणाली. ताटातला घास तिने खाली ठेवला. "एकाने सांगितलं थांब, एकाने सांगितलं नीघ. मला काय वाटतं, आईला किती झेपेल, हे कुणी विचारलं नाही. आणि मीही मूर्ख, जो शेवटी बोलला त्याचं ऐकलं. गाडीत आई गार पडत चालली होती ना, तेव्हा तुमचा एकही प्रेसिडेंट मला आठवला नाही."

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आई ऑक्टोबरमध्येच नागपूरला परत गेली. पुन्हा यायचं तिने नाव काढलं नाही. दोघे साडू दिवाळीला भेटले, बोलले, पुढच्या निवडणुकीत वेगवेगळ्या माणसांना मतं द्यायची हेही ठरलेलंच होतं. पण पुढच्या जूनमध्ये, वादळांचा मोसम सुरू झाला त्याच आठवड्यात, लतिकाने अर्विंगला फोन केला आणि स्पीकर लावायला सांगितला. कुठलं वादळ आलं तर घरात थांबायचं, कुठल्याला आणि किती आधी निघायचं, हायवे सोडून कुठल्या रस्त्याने यायचं, हे तिने सगळं नीट चौकशी करून ठरवलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्यालाही सोबत आणायचं होतं. ती सांगत होती आणि सुलभा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. दोनदा त्याचं तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

लतिकाचं संपल्यावर तो फोनजवळ वाकला.

"आमच्याकडे काय तयार ठेवू?" त्याने विचारलं.