मायचे बारा मिस कॉल

मी एक ई-सिम आहे. मला अंग नाही, आकार नाही. चिमटीत धरून फोनच्या फटीत सरकवतात ते सिम वेगळं. मी कागदावरच्या काळ्या ठिपक्यांच्या चौकटीतून आलो. कॅमेरा रोखला, दोनदा ‘हो’ म्हटलं, की झाला माझा जन्म.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. मला नंबर नाही. फोटो, व्हिडिओ, नकाशे, काय हवं ते मी वाहून नेतो. पण मला कुणी फोन लावू शकत नाही.

माझा जन्म जळगावातल्या एका ठिबक सिंचनाच्या दुकानात झाला, नळ्यांच्या भेंडोळ्यांमध्ये. दुकान राजदीपचं. कंपनीने यंदा टार्गेट गाठलेल्या डीलरांना जोडीने फिजीला न्यायचं ठरवलं होतं. दरवर्षी बँकॉक ऐकून कंटाळलेली ही मंडळी ‘फिजी कुठे आलं?’ म्हणत नकाशा शोधत होती. त्यातले अनुभवी रतिलालशेठ. राजदीपच्या फोनमध्ये मला त्यांनीच बसवलं.

“आता जुनं सिम बंद करून टाक भाऊ,” ते म्हणाले. “चुकून चालू राहिलं तर रोमिंगचं बिल पाहून घाम फुटेल.”

राजदीपने मुंबईच्या विमानतळावर जुनं सिम बंद केलं. माझ्या शेजारीच ते झोपलं. माझ्या नावापुढे त्याने कौतुकाने लिहिलं, ‘फिजी’.

राजदीपची आई मंदाबाई एरंडोलजवळच्या गावात एकटी राहायची. जळगावला ये म्हणून सुनेने, सपनाने, किती वेळा हट्ट केला; पण तिचा पाय गावातून निघत नसे. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता. त्या फोनवरून तिने आयुष्यात कधी पूर्ण कॉल केला नाही. ती मिस कॉल द्यायची. कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून हिरवं बटण दाबून मनातल्या मनात पाच मोजायची आणि लाल दाबायची. एक मिस कॉल म्हणजे ‘मी बरी आहे, सवडीने फोन कर’. लागोपाठ तीन म्हणजे ‘हातातलं काम टाक’. मागच्या वर्षी तिच्या छातीत कळ आली तेव्हा असेच तीन आले होते. राजदीपने दुकानातूनच शेजारच्या ज्योत्स्नाला फोन केला, तिच्या नवऱ्याने, हिलालने, मायला मोटारसायकलवर एरंडोलला नेलं आणि माय वाचली. या मायलेकांचा तीन मिस कॉलवर केवढा भरवसा होता!

निघताना त्याने मायला सांगितलं होतं, “आठ दिवस ज्योत्स्नाच्या फोनवर व्हिडिओवर बोलू.” मिस कॉल पोचणार नाही, हे मात्र सांगायचं राहिलं. कारण ते त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं.

पहिले चार दिवस मी सुखात होतो. ज्योत्स्ना रोज फोन धरायची आणि मायचा चेहरा मी हजारो मैलांवरून आणायचो. राजदीपने समुद्र दाखवला तेव्हा ती फोनला नाक लावून बघत राहिली.

“इतलं पानी! नि बठ्ठं खारं? मंग तठला लोके पेतस काय?”

सगळंच खारं, तर तिथले लोक पितात तरी काय, या मायच्या प्रश्नावर सपना हसून हसून बेजार झाली.

“तू जेवना का? मी बरी शे, मनी काळजी नको करू,” माय म्हणाली. तिचं हे बोलणं मी पोचवलं, याचा मला आजही आनंद वाटतो. माझ्याकडे आनंद म्हणावा असा तेवढाच आहे.

पाचव्या दिवशी ज्योत्स्नाच्या घरची सगळी धुळ्याला लग्नाला गेली. त्या दिवशी व्हिडिओ झाला नाही. संध्याकाळी फिजीच्या किनाऱ्यावर डीलरांचं जेवण होतं. कुणी फुलांचे हार घालून नाचत होतं, रतिलालशेठ डब्यातली शेव वाटत होते. राजदीप मावळत्या सूर्याचे व्हिडिओ काढून गटावर टाकत होता आणि मी ते भराभर पोचवत होतो.

सपना म्हणाली, “आज आईंशी बोलणं नाही झालं. काही मिस कॉल?”

राजदीपने फोन बघितला. “नाही. म्हणजे बरी आहे.”

त्याच्या तोंडचं हे वाक्य मी विसरू शकत नाही. ज्याच्यावर मिस कॉल यायचा ते सिम माझ्या बाजूला मेल्यासारखं पडलं होतं. ते बंद आहे रे राजदीप, मला ओरडून सांगायचं होतं. पण मी त्याच्या हुकमाचा. तो जे पाठवील ते नेणार. मी आणखी एक सूर्यास्त नेला.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. पलीकडे मायचा चेहरा नव्हता. ज्योत्स्ना नुसती रडत होती.

“राजदीपभाऊ, माय गयी... हातमा फोन तसाच व्हता.”

हेही मीच आणलं.

मिळेल त्या विमानाने ती दोघं परतली. मुंबईत उतरताच राजदीपने जुनं सिम चालू केलं आणि साचलेले संदेश येऊ लागले. पाचव्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला तीन मिस कॉल; फिजीत तेव्हा सूर्य मावळत होता. बाराच्या सुमारास तीन. साडेबाराला तीन. शेवटचे तीन एक वाजून दहा मिनिटांनी. दीड तास माय पाच-पाच मोजत होती, लाल बटण दाबत होती आणि लेकाच्या फोनची वाट बघत होती. राजदीप सामानाच्या पट्ट्याजवळ खालीच बसला. बॅगा दोनदा समोरून फिरून गेल्या.

माझी मुदत केव्हाच संपली. तरी सेटिंगमध्ये ‘फिजी’ नावाने मी अजून आहे. राजदीप मला काढत नाही. कधी कधी ते पान उघडतो, माझ्याकडे बघतो, बंद करतो. जुनं सिम आता तो आंघोळीला जातानाही चालू ठेवतो.

काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्याने गल्ल्यातून मायचा बटणांचा फोन काढला, हिरवं बटण दाबलं, ओठ हलवत पाच मोजले आणि लाल दाबलं. त्याच्या फोनवर ‘माय’ अशी अक्षरं उमटली आणि गेली. त्याने पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा.

मग तो उलट फोन लावू लागला. त्याच्याच दुसऱ्या हातातला फोन वाजत राहिला.

राजदीप, मला पुसून टाक रे. मला हे बघवत नाही.