फोटोमागची भिंत

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी रंगाऱ्याने दुसरं घर घेतलं. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, आता चार भिंतींनी आपल्याला पोसावं, असा त्याचा हिशेब. घर भाड्याने द्यायचं आणि भाड्यातून कर्जाचा हप्ता फेडायचा.

बँकेत दोन वाटा होत्या. स्वतः राहणार असाल तर व्याज कमी. भाड्याने देणार असाल तर व्याज जास्त, आणि पदरचे पैसेही जास्त. तिसरी वाट मेहुण्याशी भागीदारीची. त्यावर बायको म्हणाली, "माझ्या भावाला मी ओळखते. वर्षभरात तो मालक आणि तुम्ही त्याचे रंगारी." मग रंगाऱ्याने 'स्वतः राहणार' म्हणून सही ठोकली आणि घर एका निवृत्त नर्सबाईंना भाड्याने दिलं. बाईंना मूलबाळ नव्हतं, यजमान वारलेले.

काही महिन्यांनी बँकेचा निरोप आला, माणूस घर पाहायला येतोय. खोटं उघडं पडलं तर सगळं कर्ज एकदम मागणार, आणि राहतं घरही तारण होतं. रंगारी आपल्या लग्नाचा फोटो पिशवीत घालून बाईंकडे गेला.

"बाई, तासभर माझी मामी व्हाल? आपण सगळे इथंच राहतो, असं सांगायचंय."

"होते की. भाचा भाड्याच्या तारखेशिवाय कधी फिरकला नाही, तेवढं सोडलं तर मामीच आहे मी."

रंगारी हसला. मग भिंतीकडे बघत चाचरला, "आणि तो फोटो..."

यजमानांचा फोटो होता. बाईंनी तो उतरवला, काचेवरून हात फिरवला आणि कपाटात कपड्यांच्या घडीवर ठेवला. त्याच खिळ्याला रंगाऱ्याने आपला फोटो टांगला. तो आकाराने निम्माच होता. चारी बाजूंनी जुन्या फोटोखालचा, उदबत्तीचा धूर न लागलेला कोरा रंग उठून दिसू लागला. लोकांच्या भिंतीवरचा डाग दारातूनच हेरणारा हा माणूस, पण हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तेवढ्यात बेल वाजली.

बँकेचा माणूस खोल्या बघून भिंतीपाशी थांबला. "इथं आधी मोठा फोटो होता वाटतं."

रंगारी पुढे होऊन आपला फोटो उगाच सरळ करू लागला.

"याच्या मामांचा," बाई म्हणाल्या. "काच तडकली, म्हणून बसवायला दिलाय. फार जीव होता त्यांचा याच्यावर."

माणूस समाधानाने गेला. बाईंनी कपाट उघडलं. रंगारी मदतीला पुढे झाला.

"राहू द्या, मी लावते. पुढच्या खेपेला जरा आधी सांगा. यांना कोंडून घ्यायची सवय नाही."

रंगारी जिना उतरला तो मान खाली घालूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला म्हणाला, "बँकेत जाऊन खरं सांगून टाकतो."

"खोटं नीट बोलता आलं नाही तुम्हाला. आता खरं तरी धड बोलून या."

बँकेने चांगलंच फैलावर घेतलं, दंड लावला आणि कर्ज भाड्याच्या घराच्या व्याजावर नेलं. भाडं हप्त्याला पुरेना, तेव्हा रंगारी सुट्टीच्या दिवशीही शिडीवर चढू लागला. बाईंचं भाडं मात्र त्याने वाढवलं नाही.

भाडं घ्यायला तो दाराबाहेरच उभा राहायचा. बाई आतून हाक मारायच्या, "या, भाचेबुवा, आत या."

"नको, हात रंगाचे आहेत," तो म्हणायचा. हात स्वच्छ असले तरी हेच म्हणायचा.

थोरलीला मुलगा झाला त्या वर्षी, थंडी सरता सरता, बाई वारल्या. रंगाऱ्याने घर नव्याने रंगवलं, पण यजमानांचा फोटो होता तिथला चौकोन मात्र तसाच ठेवला.